चार काळे प्लग

"गप बस जरा," मी दादाला म्हणालो, "तिसरा काहीतरी सांगतोय."

तिसरा म्हणजे तिसरा कार्ब्युरेटर. माझ्या कानात हातभर रबरी नळी होती, नळीचं दुसरं टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी होतं, आणि मी बॉनेटमध्ये असा ओणवा झालो होतो की रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, डॉक्टर पेशंट तपासतोय. तसं वाटायला आणखी एक कारण होतं. पेट्रोल सोडायला वरच्या खिळ्याला सलाइनची बाटली टांगलेली होती. शेजारचा लेथवाला पहिल्या आठवड्यात रोज विचारायचा, "डिस्चार्ज कधी?" चौथ्या आठवड्यात त्यानंही विचारायचं सोडून दिलं.

"काय म्हणतोय तिसरा?" दादानं विचारलं.

"पहिल्या दोघांपेक्षा जास्त हवा ओढतोय."

"मग दाब की त्याला."

"त्याला दाबला की चौथा उठतो."

"मग चौथ्याला दाब."

"काल तेच केलं. दुसरा रुसला."

दादा बाकड्यावर बसून तंबाखू मळत होता. चिमूट ओठात सारून तो म्हणाला, "सर्जा, आपल्या आईला चार सुना असत्या तर तिनंसुद्धा एवढा वनवास काढला नसता."

हे शहाऐंशी सालच्या जानेवारीतलं. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं गॅरेज होतं. दादा म्हणजे माझे थोरले बंधू दौलतराव मांगोरे. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आणि चारचौघांत 'दौलतराव' असले तरी घरात 'अरेतुरे'तले. गाडी चालवायची ती त्यांनी आणि गाडीचं पोट बघायचं ते मी, अशी आमची वाटणी वडिलांच्या वेळेपासूनची. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि माझं लग्न जमत नव्हतं. बघायला गेलो की मुलीकडचे आधी खिडक्या उघडायचे. पेट्रोलचा वास साबणानं जात नाही.

दरवर्षी जानेवारीत वाघजाईच्या घाटात मोटारींची चढण असायची. एका वेळी एक गाडी पायथ्यापासून सोडायची आणि वर पठारावर टेबल मांडून घड्याळ लावायचं. पैज काही नाही, बक्षीस म्हणजे एक पितळी कप, तोसुद्धा पुढच्या वर्षी घासून परत द्यायचा. पण त्या कपावर उद्यमनगराची अब्रू टांगलेली असायची. नऊ वर्षांत सात वेळा दादा पहिला आला होता. उरलेली दोन वर्षं सांगलीचे नेमगोंडा अण्णा.

चार कार्ब्युरेटरांची कल्पना माझी. आमच्या जुन्या फियाटच्या चार सिलिंडरांना पेट्रोल-हवा पाजायला एकच कार्ब्युरेटर होता. म्हणजे पंगतीला एकच वाढपी. शेवटच्या पानापर्यंत पोचेस्तोवर आमटी गार. मी म्हटलं, दर पानाला एक वाढपी ठेवू. फाउंड्रीतून इंजिनच्या डोक्याला, म्हणजे हेडला, चार वेगळ्या वाटा करून घेतल्या, बुलेट मोटारसायकलचे चार कार्ब्युरेटर गोळा केले आणि ओळीनं बसवले. बसवायला दोन दिवस लागले. त्या चौघांनी एका वेळी, एका मापानं, एकमेकांकडं न बघता वाढावं यासाठी चार आठवडे गेले, आणि अजून जमत नव्हतं. कान दुखायला लागला होता. झोपेतही मला 'सूऽ' असा आवाज यायचा आणि मी उशीचा स्क्रू शोधायचो.

"माझं ऐकशील तर," दादा म्हणाला, "चौघांची जेटं जरा मोठी घाल."

जेट म्हणजे हरभऱ्याएवढा पितळेचा तुकडा. त्याच्या भोकातून पेट्रोल येतं. पेडल तळाला टेकवलं की सगळा कारभार त्या भोकावर. भोक लहान पडलं तर इंजिन उपाशी राहून पिस्टन जळतो, मोठं झालं तर पेट्रोल जास्त होऊन इंजिन ठसकतं, ऐन चढावर आवंढे गिळतं. आमच्याकडं जेट विकत आणायची पद्धत नव्हती. जुनी घ्यायची आणि बारीक ड्रिलनं हातानं भोक वाढवायचं. त्यामुळं जेटवर छापलेला आकडा म्हणजे उमेदवाराच्या जाहीरनाम्यासारखा. वाचायचा आणि सोडून द्यायचा.

"मोठी घातली तर वर चोकेल," मी म्हणालो.

"चोकू दे की थोडी. इंजिन तरी गार राहील."

"दादा, तू स्टेअरिंग बघ. हे माझ्यावर सोड."

असं त्या चार आठवड्यांत तीनदा झालं. दादानं 'मोठी घाल' म्हणायचं आणि मी त्याला मनातल्या मनात अडाणी म्हणायचं. तिसऱ्या वेळी मनातल्या मनात ठेवलं नाही. तो उठून नळावर तोंड धुवायला गेला आणि जाता जाता डाव्या बाजूला ठेवलेल्या बादलीला अडखळला. मी हसलो. तोही हसला.

शुक्रवारी दुपारी दादा आरटीओत गेला असताना इंदुवहिनी डबा घेऊन आल्या. वहिनी गॅरेजात कधी यायच्या नाहीत. डबा न्यायला मीच घरी जायचो. त्या आल्या, पदर सावरून बाकड्याच्या कोरड्या टोकावर बसल्या आणि बराच वेळ सलाइनच्या बाटलीकडं बघत राहिल्या.

"भाऊजी, एक विचारू? तुमच्या दादांनी चटणी सोडलीय, लक्षात आलं का तुमच्या?"

"डॉक्टरनं तिखट बंद केलं म्हणत होता."

"डॉक्टरची पायरीसुद्धा चढले नाहीत ते. चटणी, मीठ, लिंबू... पानात डाव्या बाजूला जे वाढते ते सगळं तसंच राहतं. दोन महिने झाले. परवा मी मुद्दाम भाजी डावीकडं वाढली. तर म्हणाले, आज भाजी केली नाहीस?"

मी पाना खाली ठेवला.

"डाव्या डोळ्याच्या कडेचं त्यांना दिसत नाही," वहिनी म्हणाल्या. "समोरचं दिसतं. कडेचं नाही. रस्त्यानं चालताना मी डाव्या अंगाला असले की दचकतात."

मला आठवलं, दिवाळीपासून गाडीचा डावा मडगार्ड मी दोनदा ठोकून सरळ केला होता. दोन्ही वेळा दादा म्हणाला होता, रिक्षावाले माजलेत. आणि वाघजाईचा घाट चढताना दरी डावीकडं आहे.

"त्याला जाऊ नको म्हणा," मी म्हणालो.

"म्हटलं. नाव दिलंय म्हणाले. नाव मागं घ्यायचं तर कारण सांगावं लागेल, आणि हे कारण सांगितलं तर दुकानात कोण गाडी देईल? मेस्त्रीला दिसत नाही म्हटल्यावर?"

वहिनींचं खरं होतं. आमच्या गॅरेजात गाडी दुरुस्त झाली की दादा ती शहराबाहेर पळवून आणायचा आणि गिऱ्हाईकाला म्हणायचा, 'न्या.' त्या 'न्या'वर आमचं दुकान चालायचं.

"तुम्ही असं करा भाऊजी," वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "गाडीच जरा दमवा. मोडू नका. वर चढताना तिनं मान टाकावी एवढंच. मग ते आपोआप सावकाश जातील. तुम्हाला करता येतं ना तसं काहीतरी?"

"येतं," मी म्हणालो.

"मग शपथ घ्या."

मी ग्रीसच्या हातानं शपथ घेतली. कुणाची ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी मी चार जादा जेटं घेतली, बारीक ड्रिल चिमट्यात धरलं आणि भोकं वाढवली. काम दहा मिनिटांचं. चारही जेटं काडेपेटीत घालून खिशात टाकली. आता फक्त बदलायची होती. चार नटबोल्ट काढायचे आणि लावायचे.

आणि शनिवारी सकाळी घोटाळा झाला. शेवटचं म्हणून नळी कानाला लावली. पहिल्याशी ऐकलं. दुसऱ्याशी ऐकलं. तिसऱ्याशी, चौथ्याशी. परत पहिल्याशी. नळी काढून टाकली आणि उभा राहून नुसतं ऐकलं. चौघंही एकच बोलत होते. चार आठवडे ज्यांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं ते एका ताटात जेवत होते. पेडल दाबलं तर इंजिन असं उठलं की खिळ्यावरची बाटली हलायला लागली. लेथवाला लेथ बंद करून बाहेर आला आणि दारात उभा राहिला. उद्यमनगरात यापेक्षा मोठा पुरस्कार नाही.

मी ठरवलं, जेटं आज नको, उद्या घाटाच्या पायथ्याशी बदलू. आज चौघांना नांदू दे.

रविवारी सकाळी पायथ्याशी धुकं होतं आणि थंडीनं बोटं वळत नव्हती. सलाइनची बाटली जाऊन तिच्या जागी काचेपुढं एका मोपेडची टाकी आवळून बसवली होती. बॉनेट उघडून मी चारही कार्ब्युरेटरांकडं बघत उभा राहिलो. खिशात हात घातला, काडेपेटी चाचपली, हात काढला. परत घातला. सांगलीचे, इचलकरंजीचे, बेळगावचे लोक जाता येता वाकून बघत होते आणि "चार?" असं विचारून पुढं जात होते. प्रत्येकाच्या त्या 'चार?'ला माझी मान बोटभर वर जात होती.

दादा हातमोजे घालत जवळ आला. "सर्जा, काय बदललंस काय रातच्याला?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

"आहे तसंच आहे. हात लावायला जागाच नाही, दादा. बसून बघ."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, याला वहिनीचं कळलं. मी नजर चुकवली. तो गाडीत बसला आणि दार दोनदा ओढून लावलं. मी बॉनेट मिटलं. माझ्या खिशात शपथ होती आणि बॉनेटखाली माझी करामत, आणि माझ्या हातानं बॉनेट मिटलं, एवढं खरं. त्याला आणखी चांगलं काही म्हणता येत असेल तर मला अजून सापडलेलं नाही.

मला शर्यत भरवणाऱ्या क्लबच्या जीपमधून वर नेलं. पठारावर टेबल, घड्याळ, झेंडा आणि भाजलेल्या शेंगा खाणारी साठ-सत्तर माणसं. नेमगोंडा अण्णांची गाडी आधीच वर आली होती : चार मिनिटं बारा सेकंद. अण्णा खादीचा शर्ट, पांढरी टोपी, आणि हाताला ग्रीस कधीच नाही, असे मेस्त्री होते. माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

खाली झेंडा पडला. घाटात आवाज वर येतो, गाडी दिसत नाही. पहिलं वळण. गियर खाली, गियर वर. दुसरं वळण. चौघं एका गळ्यानं गात होते. शेंगा खाणाऱ्यांचे जबडे थांबले.

"सर्जेराव, काय घातलंय हे आत?" अण्णांनी विचारलं.

"बुलेटचे चार."

"नांदतात एकत्र?"

"नांदतात."

"जिनेश्वरा," अण्णा म्हणाले, आणि टोपी काढून परत घातली.

तिसरं वळण. चौथं. दादानं पाय एवढा खाली ठेवला होता की मला पेडल माझ्याच तळव्याखाली लागत होतं. टेबलावरचा माणूस घड्याळाकडं बघून भुवया उडवत होता. पाचवं वळण. त्याच्यापुढं रस्ता सरळ आहे, आणि मग सहावं वळण, डाव्या हाताला दरी, कठडा नाही.

तिथं आवाज गेला.

म्हणजे इंजिन चोकलं नाही. ठसका नाही, खोकला नाही. पाय उचलला की जसा आवाज पडतो तसा पडला, आणि मग काहीच नाही. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मी कधी नव्हे तो देवाकडं कार्ब्युरेटर बिघडावेत म्हणून प्रार्थना करत होतो. पण त्या चौघांना बिघडवायला देवालासुद्धा माझ्यासारखे चार आठवडे लागले असते.

किती वेळ गेला ते घड्याळवाल्याला माहीत. मग पुन्हा इंजिन ऐकू आलं. दुसऱ्या गियरमध्ये, हळू, बाजारातून कोंबड्या घेऊन येणाऱ्या टेम्पोसारखं. सातवं वळण, आठवं वळण, तसंच. धुक्यातून गाडी बाहेर आली आणि टेबलासमोर थांबली. पाच मिनिटं बेचाळीस सेकंद.

दादा आत बसून होता. हात स्टेअरिंगवर. जानेवारीच्या थंडीत शर्ट पाठीला चिकटला होता. माणसं भोवती जमली.

"काय झालं, दौलतराव?"

"झ्याक चालली होती की, एकदम काय झालं?"

दादानं तोंड उघडलं. तो काय बोलणार होता मला माहीत नाही. मी त्याच्या आधी बोललो.

"चोकली," मी म्हणालो. "तापल्यावर चोकली वर. जेट माझं चुकलं."

आता आमच्याकडं एक रीत होती. कुणी हरलं की त्याच्या गाडीचे, सिलिंडरात ठिणगी पाडणारे, प्लग तिथंच सगळ्यांसमोर काढायचे. प्लग खोटं बोलत नाही. टोक विटकरी निघालं, तर गाडी बरोबर होती आणि चालवणारा चुकला. पांढरं निघालं तर उपाशी. काळं निघालं तर पेट्रोल जास्त झालं, म्हणजे मेस्त्री चुकला. कोर्टात वकील असतात, इथं फक्त प्लग. यासाठी वर पोचल्या पोचल्या इंजिन बंद करायचं असतं, म्हणजे प्लगवर चढाचाच रंग राहतो.

"प्लग काढा," फाउंड्रीवाला देसाई म्हणाला.

चार प्लग विटकरी निघणार होते हे मला माझ्या नावाइतकं पक्कं माहीत होतं. आणि विटकरी निघाले की पुढचा प्रश्न दादाला होता.

"थांबा," मी म्हणालो, "पाणी उकळलंय. आत्ता एकदम बंद केलं तर हेड वाकेल. दोन मिनिटं चालू दे. दादा, बंद करू नको."

बॉनेट उघडलं. ओणवा होऊन पाणी बघितल्यासारखं केलं आणि कोपरानं आडोसा धरून एकेका कार्ब्युरेटरचा चोक वर उचलला. चोक म्हणजे थंड इंजिन उठवायची खिट्टी. तो उचलला की पेट्रोल वाहतं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. चार आठवडे ज्यांना एकत्र आणलं त्यांनी एका दमात गोंधळ घातला. इंजिन गुरगुरायला लागलं, मागं काळा धूर आला.

"बघा, अजून चोकतीय," मी म्हणालो.

मान वर केली तर माझ्या कोपराशी नेमगोंडा अण्णा. ते धुराकडं बघत नव्हते. कार्ब्युरेटरांकडं बघत होते. वर उचललेल्या चार खिट्ट्या त्यांना दिसत नव्हत्या असं म्हणणं म्हणजे पुजाऱ्याला देव दिसत नव्हता असं म्हणण्यासारखं. मग त्यांनी काचेतून दादाकडं बघितलं. दादा सरळ समोर बघत होता. अण्णा त्याच्या डाव्या बाजूला, खिडकीपासून दोन हातांवर गेले आणि उभे राहिले. हात वर केला. दादानं मान वळवली नाही.

अण्णा परत आले. "मी बघतो," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ग्रीसमध्ये हात घातला आणि एकेक करून चारही खिट्ट्या खाली केल्या. "करा बंद, दौलतराव."

प्लग त्यांनीच काढले. चार प्लग रुमालावर ओळीनं ठेवले आणि वर धरले. चारही काजळासारखे.

"काळे," अण्णा म्हणाले. "कोळसा. पोराचा हात चुकला ड्रिल मारताना. असली गाडी दौलतरावांनी वर आणली हेच नशीब."

लोकांनी माना डोलावल्या. देसाई म्हणाला, "बुलेटची चीज मोटारीला लावायची म्हणजे रेड्याला पालखीत बसवायचं." कुणीतरी म्हणालं, चार आठवडे घालवले म्हणे याच्यावर. कुणीतरी हसलं. उद्यमनगरातल्या माझ्या नावाचं जे काय व्हायचं ते त्या रुमालावर पाच मिनिटांत झालं. दादा गाडीतून उतरला, माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तुला मी तीनदा सांगितलं हुतं." मग गाडीला वळसा घालून तो मागं न बघता शेजारच्या सीटवर जाऊन बसला.

प्लग पुसून परत लावले आणि घाट उतरायला लागलो. मी चालवत होतो. दादाच्या शेजारी बसून मी आयुष्यात शेकडो वेळा घाट उतरलो होतो, त्याला शेजारी बसवून कधीच नाही.

सहाव्या वळणावर तो म्हणाला, "थांबव."

मी थांबवलं. दोघं उतरलो. रस्त्याच्या कडेला गवत होतं, दव पडलेलं. त्या गवतातून एका चाकाचा माग गेला होता. गवत जिथं संपतं तिथवर गेला होता, आणि तिथून आत वळला होता. मी खाली बघितलं. धुकं होतं, तेवढं बरं.

"कड दिसली न्हाई," दादा म्हणाला. "चाक गवतात गेलं ते ढुंगणाला कळलं, डोळ्याला न्हाई."

"दादा, मला वहिनींनी शुक्रवारीच सांगितलं होतं. गाडी दमवायला सांगितलं होतं. मी मोठी जेटं केलीसुद्धा. ही बघ, खिशात आहेत. पण..."

"ठावं हाय मला."

"काय ठाऊक आहे?"

"तिला मीच धाडलं हुतं."

दादा रस्त्याच्या मधोमध उकिडवा बसला आणि तंबाखूची पिशवी काढली.

"तीनदा तुला सांगून बघितलं, मोठं घाल, मोठं घाल. तू मला अडाणी म्हणलास. मग म्हटलं बायकोला धाडावं, वहिनीचं तर ऐकंल. गाडी चोकली असती, मी सावकाश वर आलो असतो, नाव गाडीवर गेलं असतं. झालं असतं. कुणाला काय कळलं असतं?"

"माझ्यावर गेलं असतं नाव."

"तुझं काय, तू ल्हान हाईस. धुऊन निघालं असतं." त्यानं चुना लावला. "पायथ्याला विचारलं तुला, काय बदललंस काय. म्हणतो, हात लावायला जागा न्हाई. आरं, तिथंच उतरायचं हुतं मी. पर म्हटलं चला, बसलोय तर बसलोय, सावकाश न्हेऊ. आन पाय ठेवला..."

त्याचा अंगठा तळहातावर फिरत होता.

"चारीच्या चारी एकदम उचलत हुते, सर्जा. वीस वर्सांत असलं इंजिन माझ्या पायाखाली आलं न्हाई. सावकाश जावं हे डोक्यातच राहिलं न्हाई माझ्या. डोळा डोक्यात राहिला न्हाई. घरदार राहिलं न्हाई. पाचव्या वळणापतुर मी मोकळा हुतो बघ."

मी त्याच्या शेजारी खाली बसलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. खालून कुठल्याच गाडीचा आवाज येत नव्हता. शर्यत संपली होती.

"मला वाटलं, मी तुला..." मी म्हणालो.

"मारलाच हुतास," दादा म्हणाला. "चांगलं काम करून मारलं असतंस. गावात तसं कुणी मरत न्हाई, सगळी खराब कामानं मरत्यात. माझं नाव झालं असतं."

हसावं की नाही हे मला कळेना. तो हसत नव्हता. तंबाखू ओठात ठेवून त्यानं हात झटकले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला, आणि दरीची बाजू सोडून डोंगराच्या अंगानं वळसा घालून गाडीकडं गेला. इतका सावध मी त्याला कधी बघितला नव्हता. म्हातारा दिसला. चव्वेचाळीस-पंचेचाळीसचा होता.

गाडी सुरू केली. दोन वळणं गेल्यावर तो म्हणाला, "मिरजेला डोळ्याचा डॉक्टर हाय म्हणं. उद्या सोमवारी जातो."

"मी येतो बरोबर."

"आन गॅरेज?"

मी गियर बदलला. समोर रस्ता बघत होतो. त्यानं माझ्याकडं मान वळवली, पुरती, डावा डोळाही माझ्यापर्यंत पोचावा अशी.

"ये मग," तो म्हणाला. "तुझ्याकडं तरी आता कोण येणाराय."